हिवाळ्यात गेलेलं दूध

"मॅडम, दुधाचं तापमान किती दाखवतंय?" मी पुन्हा विचारलं.

"चार," पलीकडून बाई म्हणाली. "तापमान चांगलं आहे. पण तुमची सिस्टिम हिवाळ्यात गेली. आम्ही अजून उन्हाळ्यात आहोत."

"ओके मॅडम," मी म्हणाले आणि समोरच्या कागदावर 'उन्हाळा' लिहून त्याला गोल केला. तो तिथे आधीपासून लिहिलेला होताच. म्हणजे आता दोन उन्हाळे झाले.

आमचं सगळं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. ती इस्राएलमध्ये, लोद नावाच्या गावाजवळच्या एका डेअरीत, आणि मी पुण्यात, खराडीच्या एका अवाढव्य कंपनीच्या काचेच्या इमारतीत. जगात कुठेही आमचं सॉफ्टवेअर अडलं की फोन आमच्या मजल्यावर यायचा. हुद्दा होता टेक्निकल सपोर्ट इंजिनिअर. नातेवाइकांच्या भाषेत, कॉल सेंटर. इंजिनिअरिंगची चार वर्षं, कँपसमधून मिळालेली नोकरी, एवढ्या मोठ्या कंपनीचं नाव, सगळं ऐकून घेऊन माझी मावशी शेवटी विचारायची, "म्हणजे फोनच घेतेस ना गं?" आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. सॉफ्टवेअर लिहिणारे लोक वरच्या मजल्यावर बसत. त्यांनी करून ठेवायचं आणि आम्ही निस्तरायचं. लिफ्टमध्ये ते आमच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत.

म्हणून मी वर जायचा अर्ज केला होता. गुरुवारी मुलाखत होती. अट एकच, तोवर कुठल्याही ग्राहकाची माझ्याविरुद्ध तक्रार येता कामा नये. मी दोन वर्षं त्या गुरुवारची वाट बघत होते.

आणि हा रविवार. दुसऱ्या दिवशी गणपती, म्हणून अख्खं ऑफिस गावाला पळालेलं. मलाही कराडची गाडी पकडायची होती. पण इस्राएलचा आठवडा रविवारी सुरू होतो, त्यामुळे कुणीतरी बसणं भाग होतं. ते कुणीतरी म्हणजे मी आणि आमचा टीम लीड गोडबोले. आडनाव गोडबोले असलं तरी तो कुणाशी गोड बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यात माझी हरतालिका. आईनं सांगितलं म्हणून धरलेला उपास, पाणीसुद्धा नाही. समोर गोडबोले सामोसा खात बसलेला.

"हे कधीपासून होतंय मॅडम?" मी विचारलं.

ती म्हणाली, "इट वेंट टू विंटर. वन अवर बॅक."

मी लिहून घेतलं, तासाभरापूर्वी सुरू झालं. आपल्याकडे वन अवर बॅकचा दुसरा अर्थ कुणी लावेल का? मग मी माझं गणित मांडलं. सिस्टिम हिवाळ्यात गेली, म्हणजे तिला बाहेर थंडी आहे असं वाटतंय. म्हणजे तापमान मोजणारं यंत्र चुकतंय. म्हणून ती फाटकावर आलेले दुधाचे टँकर आत घेत नाहीये. इतकं सरळ गणित मला कॉलेजातही जमलं नव्हतं. मी त्या बाईला एकेक टँकरचं तापमान बघायला लावलं. सगळ्यांचं चार. मी म्हटलं, यंत्रं बंद करून चालू करा. तिनं केली. पुन्हा चार.

ती काकुळतीला येऊन सांगत होती, की फाटकाबाहेर टँकर उभे आहेत, ऊन चढतंय, दूध नासेल, तुमचं मशीन त्यांना आत घेत नाही. मी तिला एकेक इंग्रजी शब्द सुटा करून, मोठ्यानं, पुन्हा तेच विचारत होते, "मॅ-डम. टेम्-प-रे-चर?"

शेवटी माझाच पारा चढला. मी आवाज बंद करायचं बटण दाबलं. आमच्या हेडफोनचं ते बटण एकदा दाबलं की आपला आवाज पलीकडे बंद आणि पुन्हा दाबलं की चालू. तोंडाला कोरड पडलेली, डोकं भणभणलेलं, तशात ते माझ्याकडून दोनदा दाबलं गेलं.

"गोडबोले, ही बाई मला वेड लावणार आहे," मी मराठीत तोंड सोडलं. "उन्हाळा काय, हिवाळा काय! मी काय पंखेवाली आहे, हिला इथून वारा घालायला? हिचं हिला तरी कळतंय का, काय बोलतेय ते?"

"कळतंय गो," हेडफोनमधून आवाज आला. "मला कळतंय. तुला कळत नाय."

मी गोडबोलेकडे बघितलं. माझा चेहरा बघून त्यानं सामोसा खाली ठेवला. खुणेनंच विचारलं, काय झालं? मी माइककडे बोट दाखवलं आणि दुसरा हात कपाळावर मारला. त्यानं डोळे मिटून घेतले. गुरुवार गेला, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

"मॅडम... तुम्ही..." मी म्हणाले.

"मॅडम नको म्हनू. मी मझल. माहेरची नवगावकर," ती म्हणाली. आता तिचा आवाजच बदलला होता. इंग्रजीत अडखळणारी बाई मराठीत घडाघडा बोलत होती. "आई माझी रेवदंड्याची. मी पाच वर्सांची होते, आमाला विमानात बसवलं नि हिथं आनलं. बिटोन हे नवऱ्याचं आडनाव. तो मोरोक्कोवाला. मी मराठी बोलले का त्याला वाटतं शिव्या देते."

तिनं नोंदवलेल्या अडचणीवर, आमच्या भाषेत केसवर, नाव होतं मझल बिटोन. त्यातून मला रेवदंडा कसं दिसणार? आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले ज्यू लोक, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना गाव शनवार तेली म्हणायचं, ते पुढे इस्राएलला गेले, हे मी शाळेत कधीतरी ऐकलं होतं. पण त्यातलं कुणीतरी सपोर्टच्या लाइनवर आपलं मराठी ऐकत असेल, हे ध्यानीमनीही नव्हतं.

"माफ करा," मी म्हणाले. "मी तुम्हाला असं बोलायला नको होतं."

"ते ऱ्हाऊ दे. पंखा नको मला. घड्याळ पायजे."

"घड्याळ?"

"आता ऐक. आमच्याकडं उन्हाळा आला का घड्याळं एक तास पुढं करतात. उजेड जास्ती मिळावा म्हनून. हिवाळा आला का परत मागं. दर वर्सी मोठ्या उपासाच्या सनाआधी मागं करायची, असा नेम. या वर्सी सरकारनं सांगितलं, नको, अजून उन्हाळाच ठेवा. मानसांनी ऐकलं. तुमच्या मशीननं नाय ऐकलं. जुन्या नेमानं ते आपलं आपन गेलं हिवाळ्यात. वन अवर बॅक."

वन अवर बॅक. एक तास मागे! मी त्या कागदाकडे बघितलं. दोन उन्हाळे, एक हिवाळा आणि खाली माझ्या सुवाच्य अक्षरात 'तासाभरापूर्वी'. आपल्या देशात घड्याळ एकदा भिंतीवर लावलं की सेल संपेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. सरकार घड्याळं पुढेमागे करतं हे मला ऐकून माहीत असेलही, पण ते बाई दुधाबद्दल बोलत असताना कसं आठवावं?

"मग दूध का अडलं?" मी विचारलं.

"सांगते. गोठ्यातली घड्याळं बरोबर हायत. गोठ्यातून टँकर निघतो सहाला. डेअरीत येतो पावनेसातला. तुमचं मशीन लिवतं, पावनेसहा. मग तेच मशीन विचारतं, सहाला निघालेलं दूध पावनेसहाला पोचलंच कसं? चोरीचं असनार! करा फाटक बंद." ती एकदम हसली. "मशीनचं पन काय चुकलं गो? मी त्याच्या जागी असते तर मीसुदा घेतलं नसतं."

मीही हसले. गोडबोले खुर्ची ओढत माझ्याशेजारी येऊन बसला होता. मी त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं, तशी त्यानं स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "नुसतं घड्याळ हातानं पुढे करून नाही भागायचं," तो म्हणाला. "ते परत मागे जाणार."

"हो, केलं मी," मझल पलीकडून म्हणाली. "पुढं करते, ते मागं जातं. खोंडासारखं."

मग मी कामाला लागले. कुठल्या देशात कधी वेळ बदलायची याचे नियम मशीनच्या पोटात एका जागी भरलेले असतात. तिथे इस्राएलचा जुना नियम बसला होता. नवा शोधायचा, तो आत घालायचा, आणि सगळा कारभार एकदा बंद करून पुन्हा चालू करायचा. मी मराठीत सांगत गेले, ती करत गेली. काय दिसतंय ते ती सांगायची, आणि मला ते दिसायचं. दोन वर्षांत पहिल्यांदाच मला वाटलं, की माझे हात तिथे, त्या डेअरीत आहेत. भूक, तहान, कराडची गाडी, कशाचीच आठवण राहिली नव्हती.

सिस्टिम पुन्हा उठायला वेळ लागणार होता. आता थांबण्याखेरीज काही करायचं नव्हतं.

"जेवलीस का?" तिनं विचारलं.

"आज हरतालिका आहे. उपास."

"म्हनून एवढी तापली होतीस," ती म्हणाली. "माझी आई पन उपासाच्या दिवशी असंच करायची. पुढल्या टायमाला काय झालं तर तूच भेटशील ना? तुझं नाव लिवून ठेवते."

"नाही मावशी. मी हे काम सोडतेय. वर जायचंय, मोठ्या कामावर. गुरुवारी मुलाखत आहे."

"याच्यापेक्षा मोठं काय काम?"

मला हसू आलं. "हे नुसतं फोन घ्यायचं काम आहे. वरचे लोक सॉफ्टवेअर बनवतात."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आमी हिथं आलो ना," मग ती म्हणाली, "तवा आईला कुनाचं कळायचं नाय नि कुनाला आईचं कळायचं नाय. दवाखान्यात गेलो का तिथली बाई आईशी ओरडून बोलायची. एकेक शब्द तोडून. आईला ऐकायला येत नाय असं समजून. आई मला म्हनायची, मझल, हिला सांग, मी बहिरी नाय. मी दुसऱ्या गावची हाय. मी एवढीशी पोर. मी सांगायची. मग एक म्हातारी नर्स होती, ती एकटीच खुर्ची आनून आईजवळ बसायची. तिला पन आईचं कळत नव्हतं गो. पन ती बसायची. आई घरी येऊन म्हनायची, आज डाक्टर भेटला. मी सांगायची, आई, ती डाक्टर नाय, नर्स हाय. आई म्हनायची, तुला काय कळतं, जो ऐकतो तो डाक्टर."

तिनं हे मला टोचायला सांगितलं नव्हतं. तिच्या आवाजात तसलं काही नव्हतं. पण सकाळपासून तोडून तोडून बोललेलं माझं 'टेम्-प-रे-चर' मला आठवलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मान वळवली. गोडबोलेनं आपल्याला काही दिसलंच नाही असं दाखवलं, त्याबद्दल मी त्याची कायमची ऋणी आहे.

"उठलं!" मझल ओरडली. "थांब, थांब... पैला टँकर... घेतला! फाटक उघडलं!"

पलीकडे कुणीतरी शिट्टी वाजवली, भराभर हिब्रूत आरडाओरडा झाला, एंजिनं सुरू झाली. दूध वाचलं होतं. मी खुर्चीत मागे टेकले.

"तुझा सायेब हाय ना शेजारी? त्याला दे," मझल म्हणाली.

मी हेडफोन गोडबोलेला दिला. तो "हो... हो... बरं... हो मावशी" असं करत राहिला आणि गंभीर चेहऱ्यानं त्यानं हेडफोन काढला.

"तक्रार केली?" मी विचारलं.

"केली ना. म्हणाली, पोरगी उपाशी आहे आणि तू तिच्यासमोर खातोस. शब्दाशब्दाला तुझ्या चावण्याचा आवाज येत होता." तो हसला. "आणि कॉलच्या रेकॉर्डिंगची काळजी करू नकोस. ते ऐकणारे हैदराबादला बसतात. पंखेवाली म्हणजे काय ते त्यांना कळेपर्यंत तू वर जाऊन रिटायर होशील."

संध्याकाळची गाडी मिळाली. गणपतीच्या गडबडीत मी आईला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. आई मोदकाच्या पाऱ्या करत ऐकत होती. घड्याळाचं तिला फारसं कळलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "वाचलं ना गं सगळ्यांचं दूध?" मी हो म्हणाले. "मग चांगलं काम आहे की तुझं," आई म्हणाली आणि पुढचा मोदक वळायला घेतला. मुलाखतीबद्दल मी तिला काही बोलले नाही. का नाही बोलले, ते तेव्हा माझं मलाही सांगता आलं नसतं.

गुरुवारी मी नवा कुर्ता घालून, उत्तरं घोकून तयार होते. वर जायला निघाले तर गोडबोलेनं हाक मारली.

"तुझ्या दूधवाल्या मावशीनं नवीन केस टाकलीय. सगळ्यात कमी घाईची. आणि लिहिलंय काय, तर 'मलिदा'. आश्लेषा, हा काय प्रकार आहे? ग्राहकाकडून मलिदा?"

आमच्याकडे मलिदा म्हणजे टेबलाखालून खायचा पैसा. आता हैदराबादवाल्यांनी कुणाही मराठी माणसाला त्याचा अर्थ विचारला असता, की संपलंच. मी घाईघाईनं तिला फोन लावला.

"मावशी, असलं काही लिहू नका हो! इथे मलिदा म्हणजे लाच."

"अगो बाय!" ती खो खो हसत सुटली. तिच्या मागे बरीच माणसं असावीत, भांड्यांचे आवाज येत होते. "आमच्यात मलिदा म्हनजे भिजवलेले पवे, खोबरं, साखर, पाच फळं. ताटात मांडायचं नि देवाचे उपकार मानायचे. डेअरीतली सगळी बोलावलीत मी. दूध वाचलं, कुनाची नोकरी गेली नाय. आता मला तुझं नाव घ्यायचंय नि तुझ्या आईचं नाव मला ठाऊक नाय. म्हनून केस टाकली. तुमच्याकडं दुसरा रस्ताच नाय ना."

"आईचं कशाला? आश्लेषा वसंत नलावडे."

"वसंत नको. आशीर्वाद मागताना आमच्यात बापाचं नाय, आईचं नाव घेतात. आईचं काय?"

दहावीच्या मार्कशीटवर सोडलं तर माझ्या नावापुढे आईचं नाव कुणी लावलेलं मला आठवत नव्हतं.

"सिंधू," मी म्हणाले.

ती लांब जाऊन कुणाला तरी काही सांगून आली. मग एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज ऐकू आला, संथ, गात असल्यासारखा. त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. पण मध्येच स्वच्छ ऐकू आलं, "आश्लेषा बत सिंधू." बत म्हणजे मुलगी, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. सगळे एकदम आमेन म्हणाले. कराडला आई त्या वेळी बहुतेक दुपारची पडली असेल. तिचं नाव समुद्रापलीकडे कुणीतरी देवाला सांगत होतं, तिच्या मुलीनं फोन घेतला म्हणून.

काचेच्या दारात गोडबोले येऊन उभा राहिला. बोट वर करून त्यानं खूण केली. वरचे लोक थांबले आहेत.

"निघू का मावशी?" मी म्हणाले.

"निघ गो, तुझी मुलाखत असंल. फकस्त एक कर. माझी आई हिथंच बसलीय. पंच्याऐंशीची झाली. पुण्यावरनं मराठी बोलनारी हाय म्हटल्यावर कवापासनं हात पुढं करून बसलीय. नुसतं राम राम म्हन."

फोन हातातून हातात गेला. श्वासाचा आवाज आला, मग एक पातळ, थरथरता आवाज.

"बाय? ऐकतंस? रेवदंड्याला कदी गेली हायस का तू? आमच्या परसात सुपारी होती, हिरीच्या अंगाला..."

गोडबोलेनं काचेवर टकटक केलं.

आज मी जगभरातल्या सपोर्टच्या इंजिनिअरांना शिकवते. वरच्या मजल्यावरचे लोक नवं काही करायला घेतलं की आधी खाली येऊन मला विचारतात, हे लोकांना समजेल का. माझ्या सख्ख्या मावशीला अजूनही वाटतं मी फोन घेते, आणि तिचं बरोबरच आहे. मझलनं माझी तक्रार केली नाही, हे तिचे उपकार आहेतच. पण तिनं त्या दिवशी फोन आईच्या हातात दिला, ते उपकार मोठे.

कारण त्या क्षणी मी गोडबोलेकडे बघून नाही म्हणून मान हलवली. त्यानं हातानंच विचारलं, नक्की? मी मान डोलावली. तो दार हलकेच लावून निघून गेला. मी खुर्ची पुढे ओढली.

"नाही गेले आजी," मी म्हणाले. "सांगा ना, विहिरीच्या अंगाला काय काय होतं? मी ऐकतेय."